झेंड्यांच्या रस्त्यावरच्या कुबड्या

एदुआर माने आणि क्लोद मोने. नावांत एका मात्रेचा फरक (पहिले गृहस्थ तर आपल्याला सातारकडचेच वाटतील!) आणि ३० जून १८७८ च्या पॅरिसची दोघांची चित्रेही एकाच विषयाची: झेंड्यांनी नटलेला रस्ता.

त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले होते आणि सरकारने हा रविवार शांततेचा उत्सव म्हणून जाहीर केला होता. प्रशियाकडून झालेला पराभव, शहराचा वेढा, पाठोपाठ कम्यूनचे बंड आणि ते मोडताना आपल्याच सैन्याने केलेली हजारोंची कत्तल, या सगळ्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. आता झेंडे लावायचे, असे ठरले.

मोनेने उंच सज्जातून मोंतोर्गय रस्ता रंगवला. निळ्या-पांढऱ्या-लाल फटकाऱ्यांनी सारा रस्ताच फडफडतो. माणसे म्हणजे नुसते ठिपके. दिवाणखान्यात लावायला मीही हेच चित्र निवडीन.

पण पाहत बसावे ते मानेचे. स्टुडिओच्या खिडकीतून दिसणारा मोनिए रस्ता त्याने रंगवला. ऊन आहे, झेंडे आहेत, बग्गी आहे. रस्ता मात्र बराचसा मोकळा. डावीकडे कुंपण, त्यापलीकडे बांधकामाचा राडारोडा. आणि कुंपणाच्या कडेने, आपल्याकडे पाठ करून, निळ्या सदऱ्यातला एक पाय नसलेला माणूस कुबड्यांवर चालला आहे. युद्धात पाय गमावलेला सैनिक असावा, असे जाणकार म्हणतात. वेढ्याच्या दिवसांत माने स्वतः नॅशनल गार्डमध्ये होता. मोने तेव्हा लंडनला.

सणाच्या दिवशी हे कशाला, असे कुणी म्हणेल. माझी उमेद बँकेत खर्ची पडली म्हणून असेल, पण नुसती जमेची बाजू दाखवणारा ताळेबंद मला पटत नाही. शिवाय मानेने कुठेही गळा काढलेला नाही. त्या माणसाचा चेहरासुद्धा आपल्याला दिसत नाही. तो झेंड्यांचा निषेध करायला आलेला नाही. रस्ता त्याचाही आहे, म्हणून तो चालला आहे. पुढे एप्रिल १८८३ मध्ये आजारपणात खुद्द मानेचा डावा पाय कापावा लागला आणि दहा दिवसांत तो गेला, हा दैवाचा खेळ.

मूळ चित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. पुस्तकातून मुलांना दाखवणार असाल, तर आधी झेंडे मोजायला सांगा. तो माणूस त्यांना आपोआप सापडेल. मग याचा पाय कुठे गेला, हा प्रश्न येईल, आणि १८७० पासून सगळे सांगायला बसावे लागेल.