खाजनातील अदृश्य सोबती

मानशीची फळी कुजली आणि भरतीचे पाणी शेतात शिरले म्हणजे काय होते, हे मांडवी-झुवारीकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. काही वर्षांतच भाताच्या जागी खारफुटी उभी राहते. अशा खारट जमिनींसाठी मुळांशी राहणाऱ्या उपकारक बुरशीचा उपाय आता सुचविला जातो. त्याची उपेक्षा करू नये. पण त्याने हुरळूनही जाऊ नये.

ही बुरशी नवी नव्हे. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा सापडल्या आहेत. मुळांच्या पेशींत शिरून ती झाडाकडून शर्करा व स्निग्ध द्रव्ये घेते आणि मोबदल्यात केसाहून बारीक तंतू मातीत दूरवर पसरून स्फुरद आणून देते. खाऱ्या जमिनीत या देवघेवीचे मोल वाढते. तेथे पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही आणि सोडियम आत घुसून पालाशाची जागा बळकावते. बुरशीचे तंतू मात्र पालाश निवडून घेतात, सोडियम शक्यतो टाळतात. त्यामुळे झाडातील या दोहोंचा तोल पुष्कळ अंशी सावरतो.

परंतु मिठाचा जाच बुरशीलाही होतो. खारटपणा वाढला की तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत, तंतूंची वाढ खुंटते. युरोपातील खाऱ्या दलदलींत तिच्या मोजक्याच जाती ठळकपणे टिकून आहेत. तेव्हा बाहेरून पुडीत येणाऱ्या बुरशीवर पैसा खर्च करण्यापूर्वी, पिढ्यान्‌पिढ्या कोरगुट पिकविणाऱ्या आपल्याच मातीत काय दडले आहे, ते पाहणे शहाणपणाचे. तुंबलेल्या पाण्यात आणि स्फुरद खताच्या अतिरेकात ही बुरशी माघार घेते, हेही शेतकऱ्यास कोणी तरी सांगितले पाहिजे. गोवा विद्यापीठात या बुरशीवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो बांधापर्यंत यावा.

आणि बांध तरी शाबूत हवा! पावसाचे गोडे पाणी जमिनीतील मीठ धुऊन काढते व ओहोटीला मानशीवाटे नदीत जाते; गावकरीच्या काळापासून खाजन यावरच जगले. फुटलेल्या बांधातून दिवसाकाठी दोनदा भरती आत येत असेल, तर तेवढे मीठ अडविणे कोणत्याही बुरशीच्या आवाक्यातले नाही. दुरुस्तीची कामे दरवर्षी मृगाच्या तोंडावर कशासाठी काढावयाची? यंदा तरी ती दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावीत.