बळ आणि पकड

अंगी सामर्थ्य पुष्कळ असले म्हणजे यश आपोआप पदरात पडते, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे. सामर्थ्य जेथे खर्च करावयाचे, तेथे पाय घट्ट रोवता आले नाहीत तर ते वाया जाते. याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील मोटारींच्या ‘ड्रॅग रेस’ नावाच्या शर्यतीत सापडते, आणि तेही एका लहानशा मालवाहू पिकअप गाडीच्या पाट्यांत.

या शर्यतीचे स्वरूप साधे आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्यांची खूण होते आणि सरळ मार्गावर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जी आधी पार करील ती जिंकते. कॅलिफोर्नियात सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० मध्ये अशा शर्यती रीतसर भरू लागल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स या संपादकाने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. तरुणांचा हा खेळ सार्वजनिक रस्त्यांवरून उठवून नियमांच्या कक्षेत आणणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली.

आता पिकअपकडे वळू. १९८२ चे मॉडेल म्हणून प्रथम आलेली शेव्हरोले एस-१० ही अशीच एक छोटी गाडी. हौशी मंडळी तिच्यात आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन बसवितात. परंतु इंजिन पुढे, जोर मिळतो मागच्या चाकांना, आणि मागचा हौदा तर रिकामा! आपला गाडीवान बैलगाडीत ओझे भरताना ते पुढेमागे तोलून भरतो; मागे जड झाले तर गाडी उलाळते, हे त्याला ठाऊक असते. पिकअपची अडचण नेमकी उलट आहे. तिचे मागचे अंग हलके असते. खूण होताच चालकाने पूर्ण जोर दिला, तर चाके जागच्या जागी गरगरतात, धूर निघतो, आणि शेजारची कमी ताकदीची गाडी पुढे निघून जाते.

गाडी वेग घेऊ लागली की तिच्या भाराचा काही अंश मागच्या चाकांकडे जातो. समजा, गाडीचे वजन १४०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच, पुढच्या व मागच्या आसांतील अंतर पावणेतीन मीटर, आणि वेगवृद्धी गुरुत्वत्वरणाच्या निम्मी आहे. गणित केले असता सुमारे १५० किलो भार मागे सरकतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडीचे तोंड जितके उंच उचलेल तितका भार मागे जातो, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तो भार वेगवृद्धी, उंची आणि आसांतील अंतर यांवरच जवळजवळ सर्वस्वी ठरतो. तो किती लवकर पोहोचावा आणि चाकांवर किती स्थिर राहावा, एवढेच स्प्रिंगा व शॉक अब्सॉर्बर यांच्या हाती असते. मात्र एवढ्यावरच सारी शर्यत अवलंबून असते. म्हणून पुढचे शॉक अब्सॉर्बर असे लावतात की तोंड चटकन वर यावे, पण खाली हळूहळू बसावे.

मागे निराळीच कथा. इंजिनाचा जोर चाके पुढे फिरवितो, तेव्हा आसाचे कवच उलट दिशेने पिळू पाहते. ते ज्या पोलादी पाट्यांवर बांधलेले असते, ते पाटे या पिळाने नागमोडी वाकतात, मग झटक्याने सरळ होतात. चाके उड्या मारू लागतात आणि पकड सुटते. उपाय असा की आसाजवळ पाट्याला एक भक्कम लोखंडी दांडी बांधावयाची आणि तिच्या पुढच्या टोकावर रबरी ठोकळा बसवावयाचा. आस पिळू लागताच तो ठोकळा पाट्याच्या पुढच्या टोकाखाली टेकतो आणि पीळ तेथेच रोखला जातो. इंजिनात एका अश्वशक्तीचीही भर न घालता गाडी अधिक वेगाने सुटते!

या कामातील आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची शिस्त. जाणता कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आज टायरमधील हवा, उद्या शॉक अब्सॉर्बरचा ताठरपणा, परवा दांडीची जागा. पहिल्या ६० फुटांस लागलेला वेळ तो दर खेपेस वहीत टिपतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळणार कसे? आमच्या प्रयोगशाळेत गुरुजन हेच शिकवितात. फरक एवढाच की येथे हात काळे होतात.

कोणी म्हणेल, क्षणभराच्या शर्यतीसाठी एवढा खटाटोप कशाला? पेट्रोल जाळणे हा काय पुरुषार्थ? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. खेळ खर्चिक आहे आणि त्याचे अनुकरण करा असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आपल्या बाजारपेठेत माल उतरविणाऱ्या टेम्पोलाही पाटेच असतात, आणि ते नीट बसविणारा मिस्त्री तेच शास्त्र जाणतो. असे असता आपल्या घरांत मात्र ‘अभ्यास जमला नाही तर गॅरेजात जाईल’ असे मुलांना बजावले जाते. जणू गॅरेज हे नापासांचे आश्रयस्थान! हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भार, पीळ आणि घर्षण यांचा हिशेब हातांनी मांडणारा माणूस विद्वानच होय.

विद्यार्थिमित्रहो, मोटारसायकलचा कान पिळून भर रस्त्यात चाक उचलणे म्हणजे शौर्य, असे काहींना वाटते. त्यांनी लक्षात घ्यावे की ज्या देशात हा खेळ वाढला, तेथील जाणत्यांनीही तो रस्त्यावरून उठवून बंदिस्त मार्गावर नेला. यंत्राची खरी आवड असेल तर रविवारी एखाद्या मिस्त्रीकडे जाऊन बसा, पाटे कसे उतरवितात ते पाहा, प्रश्न विचारा आणि वहीत टिपा. पालकांनीही त्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.