उसने शब्द आणि उसनी ऐट

जपानी भाषा शिकूं पाहणाऱ्या आमच्या सुशिक्षित मंडळींत एक मत वारंवार ऐकूं येतें. तें असें कीं, जपानींत परभाषांतून आलेले शब्द मुद्दाम शिकण्याचें कारण नाहीं. ते सारे इंग्रजीच, आणि इंग्रजी तर आपणांस येतेंच! हें मत चुकीचें तर आहेच, पण त्यांत ऐटही थोडी नाहीं.

या मंडळींपैकीं कोणीं जपानांत जाऊन चहा करण्यासाठीं 'सुतोबु' मागून पाहावा. शब्द मूळचा 'स्टोव्ह' खरा. परंतु पुढें येईल ती खोली ऊबदार करण्याची शेगडी. 'मान्शोन' म्हणजे टोलेजंग वाडा नव्हे, बहुमजली इमारतींतलें साधें बिऱ्हाड. 'तोराम्पु' म्हणजे हुकूम नव्हे, पत्त्यांचा सबंध जोड. 'कोन्सेन्तो' भिंतींत बसविलेला असतो व त्यांतून वीज घेतात; कोणाच्या संमतीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. 'मिशिन' म्हणजे केवळ शिवणाचें यंत्र. (हें मात्र आमच्या घरांतल्या बायकांना सांगावें लागणार नाहीं!)

यावर उत्तर येतें कीं, व्यंजनाला स्वर जोडण्याचा नियम कळला म्हणजे झालें. नियम उपयोगी आहे, हें आम्हीही मानतों. परंतु त्यानें उच्चार साधतो, अर्थ नव्हे.

शिवाय हे शब्द सारे इंग्रजी, हें तरी कोणीं सांगितलें? खिडकीची काच 'गारासु' ही डच, पाणी पिण्याचा 'गुरासु' इंग्रजी. बिनकानाचा पेला 'कोप्पु' डच, कान असलेला 'काप्पु' इंग्रजी. शाळकरी मुलांच्या पाठीवरचें दप्तर 'रान्दोसेरु' हेंही डचच. १६३९ मध्यें पोर्तुगीजांना जपानचीं बंदरें बंद झालीं, आणि १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर युरोपियनांपैकीं एकटे डच उरले. त्या दोन शतकांच्या व्यापाराची ही शिल्लक आहे.

त्याआधीं, १५४३ मध्यें, पोर्तुगीज तानेगाशिमास उतरले होते. १५४९ मध्यें कागोशिमास पोंचलेला फ्रान्सिस झेवियर तर गोव्याहूनच निघाला होता. जपानी माणूस पावाला 'पान्' म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांचा, आणि आमचा 'पाव'ही त्याच शब्दापासून झालेला. 'पान्' ऐकून ज्यास प्रथम विडा आठवेल, त्यास आम्ही हसणार नाहीं. परंतु तो शब्द जपान्यांनीं इंग्रजांकडून घेतला असें जो चारचौघांत ठासून सांगेल, त्यानें आधीं आपल्या न्याहारीच्या ताटांतल्या पावाची चौकशी करावी.