धोरण उसाच्या फडापर्यंत जाऊ द्या

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या नऊ तत्त्वांपैकी पाचवे मानवी हक्कांचे. तिथला पहिलाच प्रश्न असा, की किती कर्मचाऱ्यांना आणि कामगारांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण दिले? अनेक अहवालांत या रकान्यात शंभर टक्के किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असतो. हे प्रशिक्षण बहुधा संगणकाच्या पडद्यावर होते. काही चित्रफिती बघायच्या, शेवटी प्रश्नावली सोडवायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे. एवढ्यावर कंपनी आपले कर्तव्य झाले असे समजत असेल, तर तिला उसाच्या फडात नेऊन उभे केले पाहिजे.

गाळप हंगाम आला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, ती टनाच्या हिशेबाने फेडायची. काम पहाटेच्या अंधारात सुरू होते. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. फडात संडास नाही, आडोसा नाही. पाळी आली, पोटात दुखले म्हणून कोपीवर थांबले तर खाडा पडतो आणि तो उचलीवर चढतो. मग गावाकडचा डॉक्टर सांगतो, पिशवीच काढून टाका. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर २०१९ मध्ये जी माहिती आली, तीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहाजणींमागे एक. देशात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

ही साखर कुठे जाते, हे २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधवृत्ताने जगासमोर मांडले. कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पुरवठ्यात महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर आहे. या दोन्ही कंपन्यांची मानवी हक्क धोरणे आहेत, पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहे, सक्तीच्या मजुरीला त्यांत मनाई आहे. तरीही फडात काही बदलले नाही, कारण जबाबदारी प्रत्येक पायरीवर पुढच्याच्या गळ्यात पडते. खरेदीदार म्हणतो, आम्ही कारखान्याकडून माल घेतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, उचलीचा पैसा कारखान्याचा. मोळी वाहणाऱ्या बाईला कागदोपत्री मालकच नाही, आणि जिला मालक नाही ती कोणत्याच कंपनीच्या प्रशिक्षणाच्या आकड्यात येत नाही.

मुख्य कार्यालयातल्या हिशेबनिसाला बालमजुरीची व्याख्या पाठ झाली, तर त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण फडातल्या बाईचे आयुष्य ठरते ते वेगळ्याच माणसांच्या निर्णयांनी. साखरेचा भाव पाडून मागणारा खरेदी अधिकारी, तोडणीचा कार्यक्रम आखणारा शेती अधिकारी, फडावर तोडणीच्या चिठ्ठ्या घेऊन जाणारा कारखान्याचा चिटबॉय आणि टोळी बांधणारा मुकादम. शिकवायचे तर आधी यांना शिकवा. उचलीच्या कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, हे किती मुकादमांना कोणी समोर बसवून सांगितले आहे?

आणि नुसते सांगून भागणार नाही. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी मांडलेली व्यवसाय आणि मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये मान्य केली. त्यातले सोळावे तत्त्व धोरणाविषयी आहे, आणि त्याच्या विवेचनात खरेदीची पद्धत व अधिकाऱ्यांना मिळणारे आर्थिक प्रोत्साहनही धोरणाशी सुसंगत हवे, असे बजावले आहे. खरेदी अधिकाऱ्याचा बोनस केवळ स्वस्त मालावर ठरत असेल, तर त्याला दिलेले प्रशिक्षण त्या बोनससमोर टिकणार नाही.

कायद्याने बंधनकारक असलेल्या प्रशिक्षणाचीही हीच गत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. जागृती कार्यशाळा घेणे हे त्यात मालकाचे कर्तव्य आहे. गोवा विद्यापीठाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवावे लागले. विद्यापीठांची, सरकारी खात्यांची ही स्थिती, तर जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीचे नाव ऊसतोड बाईच्या कानावर जाणार कसे?

कारखाने म्हणतील, खर्च कोणी करायचा? प्रश्न रास्त आहे. उसाला रास्त भाव द्यायचा, कर्ज फेडायचे, त्यात सगळा भार सहकारी कारखान्याच्या डोक्यावर टाकणे न्यायाचे नाही. म्हणूनच मोठ्या खरेदीदारांनी वाटा उचलला पाहिजे. फडाजवळ फिरते संडास, पिण्याचे पाणी, हंगामाआधी आरोग्य तपासणी, पाळीत खाडा नाही, बायकोच्या कामाचा पैसा तिच्या खात्यात. साखरेच्या करारात या अटी लिहून त्यांचा खर्च भावात धरायला खरेदीदाराला कोणीही अडवलेले नाही.

सेबीनेही एक चूक दुरुस्त करावी. पुरवठा साखळीची माहिती पहिल्या २५० कंपन्यांकडून घ्यायची असे ठरवून नंतर ती ऐच्छिक करण्यात आली. कार्यालयातल्या प्रशिक्षणाचा आकडा सक्तीचा आणि शेतातल्या मजुराची स्थिती ऐच्छिक, हा क्रम उलटा आहे. पुरवठा साखळीची माहिती सक्तीची करावी आणि किती जणांना शिकवले याबरोबरच त्यानंतर किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे पुरवठादारांच्या मजुरांपर्यंत जाऊन विचारावे. कारखान्यांनी पुढचे धुराडे पेटण्याआधी प्रत्येक कोयत्यामागच्या दोन्ही माणसांची नावे आपल्या नोंदवहीत घ्यावीत, आणि ती नोंद पाहिल्याशिवाय खरेदीदारांनी साखरेच्या करारावर सही करू नये.