मेलेल्या अळ्या मोजू नका

हरभरा फुलोऱ्यावर आला की गावोगावच्या बैठकीत एक तक्रार ठरलेली. "साहेब, घाटेअळीवर विषाणूचे औषध मारले. चार दिवस झाले, अळी खातेच आहे. शेवटी दुकानातून जहाल औषध आणले आणि पंप मारले." आम्ही शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकलो, परीक्षेत गुणही मिळवले. पण या तक्रारीचे उत्तर शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत द्यायला आम्हाला फार उशीर झाला. ते आज देतो.

अळीला हाडे नसतात. कातडे हाच तिचा सांगाडा, आणि तो एका मर्यादेपलीकडे ताणत नाही. वाढायचे तर कात टाकावीच लागते. घाटेअळी कोषात जाण्यापूर्वी चार-पाच वेळा कात टाकते. केव्हा टाकायची, हे एकडायसोन नावाचे संप्रेरक ठरवते. मेंदूकडून हुकूम सुटतो, छातीच्या पुढच्या भागातली ग्रंथी हे संप्रेरक रक्तात सोडते आणि जुन्या कातड्याखाली नवे तयार होऊ लागते. हे स्टेरॉईड जातीचे संप्रेरक. ते बनवायला कोलेस्टेरॉल लागते आणि किडीला ते स्वतः मुळातून तयार करता येत नाही. खाल्लेल्या पानातून, घाट्यातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून ते मिळवावे लागते. म्हणजे तिच्या वाढीचा कच्चा मालही आपल्याच शेतातला!

1954 साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी रेशमाच्या 500 किलो कोषकिड्यांतून जेमतेम 25 मिलिग्रॅम एकडायसोन वेगळे केले. इतक्या अल्प द्रव्यावर किडीचे सारे आयुष्य चालते. पुढे फळमाशीवरच्या अभ्यासात दिसले की जंतूंशी लढणारी द्रव्ये तयार करण्याची ताकदही याच संप्रेरकामुळे येते. वाढ आणि रोगप्रतिकार, दोन्हींची किल्ली एकच.

रेशीम करणाऱ्या आमच्या भावाबहिणींना यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. अळी मोल्टवर बसली की त्या पाला टाकत नाहीत, चुना भुरभुरतात आणि सगळ्या अळ्या उठेपर्यंत थांबतात. जे रेशीमवाला रोज पाहतो, ते हरभरेवाल्याने कधी पाहिलेले नसते.

आता औषधांकडे येऊ. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन अळीला खाणे नकोसे करते आणि एकडायसोन वेळेवर सुटू देत नाही, कात अडकते. टेब्युफेनोझाईड, मेथॉक्सिफेनोझाईड ही औषधे उलट काम करतात. ती एकडायसोनचे सोंग घेतात. अळी अवेळी कात टाकायला बसते, खाणे थांबवते आणि त्यातच संपते. तिसरा विषाणू, एचएनपीव्ही. विषाणूंच्या या कुळाची चलाखी 1989 साली उघड झाली. हा विषाणू अळीच्या एकडायसोनला साखरेचा रेणू चिकटवून ते निकामी करतो. अळी कात टाकत नाही, खातच राहते, आणि तिच्या अंगात विषाणूचे पीक वाढते. चार-सात दिवसांनी तीच अळी फांदीला उलटी लटकलेली दिसते. चौथ्या दिवशी ती खाताना दिसली म्हणजे औषध खोटे, असे नाही. मात्र हेही खरे की मोठी अळी मरेपर्यंत बरेच घाटे पोखरते. म्हणून हे औषध लहान अळीवरच मारायचे.

इथे फसगत होते. दुकानदार सांगतो, "सकाळी मारा, संध्याकाळी खाली पडलेल्या अळ्या मोजा." त्या मोजणीत कात रोखणारे प्रत्येक औषध नापास होते. मग जहाल औषध, त्यात दुसऱ्याचे मिश्रण, उधारीची वही जाड. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. घाईची किंमत कोण मोजतो, हे आपण तिथे पाहिले आहे.

आमचे सांगणे थोडके आहे. पीक निम्मे फुलोऱ्यावर असताना 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. आठवड्यातून दोनदा ओळीत बसून अळ्या पाहा. मीटरभर ओळीत एक-दोन लहान अळ्या दिसल्या की विषाणू मारा, तोही संध्याकाळी, कारण उन्हात तो मरतो. फवारणीनंतर मेलेल्या अळ्या मोजू नका, नवे पोखरलेले घाटे मोजा. आणि शेजारी तुती असेल तर एकडायसोनचे सोंग घेणारी औषधे तिकडे उडू देऊ नका. रेशमाची अळीही त्याच कुळातली. तिलाही ती तशीच मारतील.

या जिल्हा बैठकीत दोन मागण्या एकमुखाने करू. औषधाच्या बाटलीवर ते अळीच्या कोणत्या वयात चालते आणि किती दिवसांनी परिणाम दिसतो, हे ठळक मराठीत छापलेच पाहिजे. आणि विषाणूचे ताजे औषध फुलोऱ्याआधी तालुक्याला पोचले पाहिजे. घाटे पोखरून झाल्यावर आलेली बाटली काय कामाची?

तिसरे काम सरकारचे नाही, आपले आहे. प्रत्येक गावाने या हंगामात चार घाटेअळ्या हरभऱ्याच्या पाल्यासह वेगवेगळ्या बरण्यांत ठेवाव्यात (एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात) आणि कात टाकताना पाहाव्यात. एकदा डोळ्यांनी पाहिले की दुकानदाराला काय विचारायचे, ते कोणी शिकवावे लागणार नाही.