लग्नाचा खर्च आणि गांधी विवाह

'चले जाव' चळवळीत 9 सप्टेंबर 1942 रोजी खटाव तालुक्यातल्या वडूजच्या कचेरीवर मोर्चा निघाला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. तालुका हे विसरलेला नाही. पण त्याच चळवळीतून पुढे उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारने, घरातल्या उधळपट्टीलाही हात घातला, हे मात्र आज क्वचितच कोणी सांगते.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा-सांगलीच्या गावागावांत गांधी विवाह लावले. हुंडा नाही, मानपान नाही, बँड-वरात नाही. एकमेकांना हार घालायचे, साध्या शब्दांत शपथ घ्यायची की लग्न लागले. कारण अगदी व्यवहारी होते: लग्नासाठी सावकाराकडे गहाण पडलेली जमीन बहुधा परत येत नसे.

आज सावकाराच्या जागी कर्जाचा हप्ता आला आहे. पाऊस चुकलेल्या वर्षीही मंगल कार्यालय, डीजे, लग्नाआधीचे फोटोशूट ठरतेच. शेजाऱ्याने केले, मग आपण कसे मागे राहायचे? मुले हे सगळे पाहत वाढतात. त्यांनी महागडा मोबाइल मागितला की त्यांनाच रागावणे हा अन्याय आहे.

ऐपत नसलेल्या कुटुंबाला एकट्याने नाही म्हणणे फार जड जाते. प्रतिसरकारने तो नकार गावाचा केला, म्हणून गरीब बापाला मान खाली घालावी लागली नाही. तालुक्यातल्या ऐपतदार घरांनी आधी साधी लग्ने करावीत आणि मुलांना खर्चाचा हिशेब समोर मांडून दाखवावा.