कान तयार होईपर्यंत
सुरतच्या लिंबायत-उधन्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या खानदेशी पोराला गोंगाटाचं भय कसलं? तरी कॅनडाच्या ‘गॉरगट्स’ या बँडचा 1998 सालचा ‘ऑब्स्क्युरा’ हा डेथ मेटल अल्बम पहिल्या ऐकण्यात डोकं उठवतो. गिटारी किंचाळतात, ताल मध्येच लंगडतो, गायक घसा खरवडून ओरडतो. शब्द कळत नाहीत. ख्यालातले तरी कितीसे कळतात म्हणा! एकदा फक्त ड्रम्स ऐकावेत, मग नुसता बेस. मुरलेला कारागीर चालत्या मागांतला बिघडलेला माग आवाजावरून ओळखतो, तसं एकेक वाद्य सुटं होत जातं आणि कळतं, यात अंदाधुंद काहीच नाही, सगळं घोटून बसवलेलं आहे. सुरुवात यातल्या ‘क्लाउडेड’ या गाण्यापासून करा, नऊ मिनिटांहून लांब, पण संथ आहे. हेडफोन मात्र लावा, शेजाऱ्यांचा काय दोष?